जुन्या पद्मिनीला भारीचं पेट्रोल लागतं का? कन्नड घाटात इंजिन किटकिट करतंय

घाटवाली_पद्मिनी (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. पप्पांची प्रीमियर पद्मिनी आहे, ९२ चं मॉडेल, पहिल्यापासून घरातच आहे. रोज नाही चालवत, रविवारी काढतो आणि वर्षातून दोन-तीनदा कन्नड घाट चढून संभाजीनगरला बहिणीकडे जातो. तर या मे महिन्यात झालं असं की घाटात तिसऱ्या गियरमधे पाय दाबला की इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे टाकून कुणी हलवतंय असा. पाय थोडा उचलला की गायब. पाटण्याच्या फाट्यापर्यंत सपाट रस्त्याला काहीच नाही, एकदम गुणी पोरीसारखी चालते.

दुसरं म्हणजे घरी येऊन चावी बंद केली तरी इंजिन चार-पाच झटके खातं, मग कुठे शांत होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चावी हातात घेऊन खाली उतरलो होतो आणि गाडी चालूच, शेजारचे काका हसत होते.

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणे जुन्या गाडीला आता हाय ऑक्टेन लागतं, भारीवालं टाका. टाकलं दोनदा. आवाज थोडा कमी झाला पण गेला नाही, खिसा मात्र हलका झाला. पप्पा म्हणतात ही गाडी नुसत्या वासावर चालायची, हिला कसले नखरे. आता माझा प्रश्न असा की ऑक्टेन म्हणजे नक्की काय, आणि जुन्या इंजिनाला जास्त ऑक्टेन खरंच लागत असेल तर तेच इंजिन नवीन होतं तेव्हा का लागत नव्हतं? इंजिन तर तेच आहे ना?

जळगाव_४५_डिग्री

भारीचंच टाक भाऊ, विचार नको करू. माझ्या झेनमधे मी पाच वर्षांपासून तेच टाकतो, पिकअप एक नंबर. हाय ऑक्टेन म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल, सरळ हिशोब आहे, गाईला सरकी पेंड घातली की दूध वाढतं तसं.

पाना_बारा_तेरा (धुळे)

४५ डिग्री भाऊ, राग मानू नका पण तुमची सरकी पेंड इथे चालत नाही. ऑक्टेनचा ताकदीशी सरळ संबंध नाही. पुरावा पंपावरच आहे, आता पेट्रोलात मिसळतात त्या इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त असतं पण लिटरमागे त्याच्यात ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा सोशिकपणा समजा. दाबलं, तापवलं तरी ठिणगी पडायच्या आधी आपलं आपण पेटायचं नाही, हा गुण ज्याच्यात जास्त त्याचं ऑक्टेन जास्त. आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० मार्क दिले, हेप्टेन नावाच्या दुसऱ्याला शून्य, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं ते एका टेस्ट इंजिनावर बघून आकडा देतात. बस एवढंच आहे ते.

आता तो दाण्यांचा आवाज. मी चाळीस वर्षं गाड्या उघडल्या, तरी हे मला एका हिवाळ्यात शेतात भरीताच्या वेळी नीट कळलं. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, लांब ढीग होता, एका टोकाला काडी लावली. आग सावकाश दुसऱ्या टोकाकडे सरकते, वांगी नीट भाजतात. सिलिंडरमधे असंच व्हायला पाहिजे. प्लग ठिणगी टाकतो, ज्वाळा प्लगपासून पसरत जाते आणि पिस्टनला एकसारखा रेटा देते. आता समजा ढीग इतका तापलेला आणि दाबलेला आहे की ज्वाळा अर्ध्यात असतानाच दुसरं टोक आपोआप भप्पकन पेटलं. सिलिंडरमधे हे झालं की दाब एकदम उसळतो, त्याच्या लाटा हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात, आणि आपल्याला बाहेर किटकिट ऐकू येते. लोकांना वाटतं टॅपेट वाजतंय किंवा पिस्टन हेडला लागतोय. तसं काही नसतं, लोखंडाचा खण घणघणतो तो आवाज. हलका असला तर लगेच मरत नाही काही, पण घाटभर तसंच दाबून नेली तर हेड पॅकिंग जातं, रिंग तुटते, पिस्टनची कड खाल्ली जाते. एकदा एका गिऱ्हाईकाचा पिस्टन काढला तर कडेला उंदराने भाकरी कुरतडावी तसा दिसत होता.

म्हणून तुमच्या गाडीत शोधायचं ते हे की तो ढीग आधीपेक्षा जास्त का तापतोय, जास्त का दाबला जातोय किंवा काडी लवकर का लागतेय. पेट्रोलचं नंतर बघू. आधी सांगा, हेड कधी उघडलं होतं का? रेडिएटरमधे पाणी कुठलं घालता?

अमळनेरचा_जुना_स्कूटरवाला

आमच्या वेळी सोपा उपाय होता, पेट्रोलच्या टाकीत दोन डांबराच्या गोळ्या टाकायच्या. स्कूटर उडायची नुसती. करून बघा.

पाना_बारा_तेरा (धुळे)

नको हो! या गोळ्यांनी किती कार्बोरेटर माझ्याकडे आले त्याची गणती नाही. नॅप्थॅलिन पेट्रोलमधे विरघळतं खरं पण पेट्रोल उडालं की जेटमधे पांढरे खडे होऊन बसतं. आणि ऑक्टेन वाढून वाढून किती वाढणार, टाकीभर पेट्रोलात दोन गोळ्या म्हणजे विहिरीत साखर. शिवाय आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या नॅप्थॅलिनच्या नसतातच, त्या क्लोरीनवाल्या असतात, इंजिनात जळल्या की ॲसिड बनतं. कपाटात ठेवा, साड्यांना उपयोग होईल.

घाटवाली_पद्मिनी (चाळीसगाव)

पाना काका, हेड दोनदा उघडलंय. एकदा माझ्या लग्नाच्या आधी आणि एकदा दोन वर्षांपूर्वी, पारोळ्याजवळ गाडी गरम होऊन पॅकिंग उडालं होतं तेव्हा. दोन्ही वेळेस हेड लेथवर फेस करून (घासून सपाट करून) आणलं असं पप्पा म्हणतात. रेडिएटरमधे आमच्या बोअरचंच पाणी, दुसरं कुठलं घालणार? टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) गेल्या दिवाळीत गॅरेजवाल्याने कानाने सेट केलं, त्यानंतर पिकअप खरंच चांगला झाला होता म्हणून मी खुश होतो.

वाफेचं_इंजिन (भुसावळ)

वा, पेशंटने स्वतःच सगळा केसपेपर दिला. मी इथे पोरांना मेकॅनिकल शिकवतो, थोडं आकड्यात सांगतो म्हणजे गंमत कळेल.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकाला साधारण २७२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साडेसातच्या आसपास धरला तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक जागा उरते जेमतेम ४२ सीसी. आता बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आहे ६८ मिलिमीटर. हेड दोन वेळा मिळून एक मिलिमीटर जरी घासलं गेलं असेल तरी त्या ४२ मधले तीनेक सीसी गेले. त्यात तीस वर्षांचा कार्बन पिस्टनवर आणि हेडमधे साचलाय, त्याने अजून एक-दोन खाल्ले. हिशोब करा, साडेसातचं इंजिन आठाच्या वर गेलं, आणि कंपनीला न विचारता गेलं. तुमचा प्रश्न होता ना इंजिन तर तेच आहे? नाहीये तेच. कार्बनचं दुहेरी दुखणं आहे, जागा खातो ते खातोच शिवाय तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आत आलेलं मिश्रण आणखी तापतं. चावी बंद केल्यावर झटके बसतात तेही बहुतेक त्याचंच, ठिणगी बंद झाली तरी आत लालबुंद कण असतात आणि त्यात आयडल जास्त ठेवलेलं असलं की इंजिन स्वतःच ओढत राहतं.

नवीन गाड्यांना हा त्रास का होत नाही, तर त्यांच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, नॉक म्हणजे हीच किटकिट. तो म्हणजे इंजिनाला कान. किटकिट आपल्याला ऐकू यायच्या आधी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळते आणि तो ठिणगी दोन-चार डिग्री मागे घेतो. पद्मिनीत असं कुणी ऐकणारं नाही, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जिथे आवळला तिथेच राहणार, मग जानेवारीत चार डिग्रीची सकाळ असो की मे महिन्यातली दुपार. म्हणून जुनी गाडी पेट्रोलच्या बाबतीत जास्त चोखंदळ वाटते.

आणि हो, काही जुन्या इंजिनांना कारखान्यातूनच हाय ऑक्टेन लागायचं हे पण खरं आहे. साठच्या दशकातल्या अमेरिकन व्ही-८ घ्या, काहींचं कॉम्प्रेशन दहा-अकरापर्यंत होतं, आणि हेड ओतीव लोखंडाचं, जे ॲल्युमिनियमसारखी उष्णता पटकन सोडत नाही. त्यांना ते परवडत होतं कारण तेव्हा पेट्रोलमधे शिसं घालून ऑक्टेन वाढवायचे. टेट्राएथिल लेडचा हा गुण १९२१ साली जनरल मोटर्समधे थॉमस मिडग्ले यांना सापडला, आणि त्याचं विष कामगारांना भोवलं, खुद्द मिडग्लेंनाही त्याची बाधा झाली होती. तरी जगाने कित्येक दशकं ते जाळलं. प्रदूषणाचे कायदे आले तेव्हा जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन खाली आणलं, म्हणजे ९१ ऑक्टेनवर चालतील. त्याच्या आधीची एखादी गाडी कुणाच्या वाड्यात उभी असेल तर तिला खरंच भारीचं लागतं, तो नखरा नाही.

आपल्याकडे उलटं होतं. पद्मिनी, ॲम्बॅसडर या गाड्या कमी कॉम्प्रेशनच्या, कारण तेव्हा पंपावर साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं मिळायचं आणि ९३ चं म्हणजे श्रीमंती. शिसं देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. नंतर साधं पेट्रोल ९१ झालं आणि आताचं २० टक्के इथेनॉलवालं तर ९५ चं आहे. म्हणजे पद्मिनी जन्मली तेव्हा जे प्रीमियम होतं त्याच्याही वरचं पेट्रोल आज तिला साधं म्हणून मिळतंय. तरी ती किटकिट करत असेल तर पेट्रोलला दोष देता येत नाही बघा.

तापीकाठचा_भो

भो, इतलं महागनं पेट्रोल टाकानापेक्षा एसटीनी जाय ना बहीनकडे. घाटमा गाडी वाजनार नही, ड्रायव्हरले काय व्हयनं ते तो देखी लेई.

जळगाव_४५_डिग्री

😂 भो बरोबर आहे. पण मास्तर मला एक सांगा, मग माझ्या झेनचा पिकअप वाढला तो काय भास का?

वाफेचं_इंजिन (भुसावळ)

भास म्हणणार नाही. जुन्या झेनमधे कार्बन असेल, टायमिंग थोडं पुढे असेल तर आधी ती बारीक नॉक करत असेल आणि तुम्ही नकळत पाय कमी दाबत असाल. भारीचं टाकल्यावर नॉक गेला, पाय मोकळा झाला. शिवाय भारीच्या पेट्रोलात सफाईचे रसायन जास्त असतात त्याचा थोडा गुण येतो. पण जे इंजिन मुळात नॉक करतच नाही त्यात ९५ च्या जागी १०० टाकून काही मिळत नाही. शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल मोठ्या शहरांत लिटरला दीडशेच्या वर जातं, त्या पैशात घाटात भजी खा.

पाना_बारा_तेरा (धुळे)

मास्तरांनी आकडे दिले, आता हातातलं काम सांगतो. पैसे कमी लागतील त्या क्रमाने करा.

पहिलं टायमिंग. कानाने सेट करणारे बहुतेक जण सपाटीला पिकअप येईपर्यंत डेल्को, म्हणजे तोच डिस्ट्रिब्युटर, पुढे फिरवतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. धुळे-चाळीसगाव रस्त्याला मजा येते आणि घाटात रडू येतं. तुम्ही दिवाळीत खुश झालात ना, तिथेच घोळ आहे असं मला वाटतंय. आधी डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) बघा, तो चुकीचा असेल तर टायमिंग कधीच बसणार नाही. मग टेस्ट लॅम्प लावून पुलीवरच्या खुणेला जुळवा. फिरवताना अगदी केसभर फिरवायचं बरं का, डेल्कोचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन.

मग डेल्कोची टोपी आणि रोटर काढून आतली वजनं बघा. दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात, स्पीड वाढला की वजनं बाहेर सरकतात आणि टायमिंग पुढे नेतात. स्प्रिंग ढिली झाली किंवा कुणी भलतीच बसवली तर वजनं लवकर उघडतात, आणि मग नेमका मधल्या स्पीडला, घाटात जो असतो त्या स्पीडला, नॉक येतो. नव्वद टक्के गॅरेजवाले तिथपर्यंत जातच नाहीत.

मिश्रण. इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून कार्बोरेटरच्या गाड्या थोड्या कोरड्या चालतात, म्हणजे इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो पण जेट तर जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. त्यात कार्बोरेटरखालचं पॅकिंग हवा घेत असेल तर अजून कोरडं. कोरडं मिश्रण म्हणजे गरम इंजिन. प्लग काढून बघा, पांढराफटक दिसला तर समजायचं. विटकरी पाहिजे.

रेडिएटर तर बोलायलाच नको. आपल्या बोअरच्या पाण्याने घरातल्या गीझरची काय हालत होते ते बघता ना, तोच पांढरा थर ब्लॉकच्या आत बसतो. वरून काटा मधे दिसतो पण हेडमधे एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बाजूला पाणी नीट फिरतच नाही. रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ, आणि यापुढे कूलंट घाला, निदान आरओचं पाणी तरी.

हेड शेवटी. उघडावंच लागलं तर कार्बन खरवडून काढा, पण कुणी म्हणालं की जरा अजून फेस करू तर हेड उचलून घरी या.

आणि एक, गावातल्या बाटलीतलं सुटं पेट्रोल कधीच घालू नका. रॉकेलची भेसळ असली की ऑक्टेन पडतं. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही पाहिजे. तो देणं त्यांना भाग आहे.

घाटवाली_पद्मिनी (चाळीसगाव)

मंडळी, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, सॉरी उशीर झाला, मधे केळी काढणी होती.

गॅरेज बदललं. नवीन पोराने डेल्को उघडला तर पाना काका तुम्हाला हात जोडतो, दोन स्प्रिंगांपैकी एक मूळची आणि दुसरी कुठल्यातरी बॉलपेनची असावी अशी, हाताने ताणली की परत येतच नव्हती. पप्पांना विचारलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, हो, २००३ मधे शिरपूरच्या रस्त्यावर तुटली होती, तेव्हा "तात्पुरती" बसवली होती. तात्पुरती! माझा मुलगा त्या स्प्रिंगेपेक्षा लहान आहे.

जुन्या गाडीच्या भंगारातून जोडी मिळवली. टायमिंग लॅम्पवर लावलं तर साधारण सहा डिग्री पुढे होतं. रेडिएटर काढून रॉडिंग केलं, खालून जे निघालं ते बघून आई म्हणाली हे तर आपल्या माठाच्या बुडासारखंय. हेड नाही उघडलं, हिंमत झाली नाही, फक्त प्लगच्या भोकातून टॉर्च मारून बघितलं, पिस्टनवर तव्याच्या पाठीसारखा काळा थर आहे.

काल दुपारी मुद्दाम घाट चढलो, चार माणसं, डिक्कीत बहिणीसाठी गव्हाचं पोतं, साधं पेट्रोल. जड गाड्यांना बंदी झाल्यापासून घाट तसा मोकळा असतो त्यामुळे आवाज नीट ऐकता आला. निम्म्या घाटापर्यंत काही नाही. वरच्या एका वळणावर तिसऱ्यात ओढायला लावलं तेव्हा दोन-तीन दाणे वाजले, दुसरा टाकला की बंद. चावी काढल्यावरचे झटके एकावर आलेत. पिकअप मात्र दिवाळीपेक्षा कमी वाटतोय, ते खरं सांगतो.

एकच नवीन भानगड, वर पोचल्यावर दहा मिनिटं थांबलो आणि परत स्टार्ट करायला गेलो तर पेट्रोलच येईना. पप्पांनी न बोलता बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते इंजिनाच्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं, पाच मिनिटांनी चालू.

पाना_बारा_तेरा (धुळे)

पिकअप कमी वाटणारच, आधीचा उधारीचा होता. ते दोन-तीन दाणे कार्बनचे, हेड पुढच्या हिवाळ्यात उघडा, घाई नाही.

फडक्याचं पप्पांनी बरोबर केलं. पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. इथेनॉलवाल्यात जरा जास्तच होतं. पण एकदा पंपाचा डायाफ्राम आणि रबरी पाईप बघून घ्या, जुनं रबर इथेनॉलमधे फुगतं, बोटाने दाबून चिकट लागलं तर लगेच बदला, गरम एक्झॉस्टच्या शेजारी गळायला लागलं तर नॉकची काळजी करायला गाडी उरणार नाही.

तापीकाठचा_भो

आनि ती बॉलपेननी स्प्रिंग फेकजो नको भो. पप्पास्नी आठवन शे ती.